किती बोटं?

आमच्या इमारतीत कोणी परदेशातल्या मुलाशी कॅमेऱ्यावर बोलायला बसलं, की त्या मुलाला आधी आईवडील दिसत नसत. आधी एक पंजा दिसे. पंजा तिसऱ्या मजल्यावरच्या रणपिसेंचा. ते कॅमेऱ्यापुढे वाकून बोटं भराभर उघडमीट करत आणि विचारत, "किती बोटं?"

फडक्यांच्या नातीचं बारसं न्यू जर्सीत होतं. इथे पहिल्या मजल्यावर फडकेकाकू पैठणी नेसून कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. तिकडे पाळणा सजवलेला, सून नटलेली, आणि मध्ये रणपिसेंचा हात.

"चार," मुलगा म्हणाला.

"आता?"

"दोन."

"आता?"

"काका, बाळाचं नाव ठेवायचंय."

"ठेवा की. कोण नको म्हणतंय? पण आधी किती बोटं?"

बोटं नीट मोजली गेली, मधलं एखादं गळलं नाही, म्हणजे लाइन चांगली. मगच ते बाजूला होत. डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा इतका छळ करत नाहीत. आणि ते निदान चष्मा तरी देतात.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला हवं होतं म्हणून मिळालेलं नाही. बाकी कोणालाच नको होतं म्हणून मिळालं. नोकरी विमा कंपनीत, दावे तपासण्याची. थोडक्यात, लोकांनी सांगितलेल्या हकीकतींवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते. तेव्हा रणपिसेंबद्दल मी लिहिते आहे त्यात कौतुक शोधू नये.

ब्रॉडबँड पुण्यात नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. आमची विश्रांतवाडी तेव्हा आजच्याइतकी भरलेली नव्हती, पण ज्याच्या त्याच्या घरचं एक पोर परदेशी गेलेलं होतं. इमारतीने मिळून इंटरनेटची एकच लाइन घेतली आणि डक्टमधून वायरी सोडून घरोघर वाटली. कंपनीचा माणूस मुख्य डबा बसवायला आला तेव्हा सगळे एकदम नम्र झाले. "आमच्याकडे नको हो, लहान मूल आहे, ओढून ठेवेल." "आमच्याकडे वास्तूच्या दृष्टीने ती दिशा बरी नाही." रणपिसे मात्र पुढे आले. "माझ्या गॅलरीत लावा," म्हणाले. आम्हाला वाटलं, बरा सापडला. डबा त्यांच्या गॅलरीत गेला, आणि डब्याबरोबर आम्ही सगळे त्यांच्या ताब्यात गेलो.

रणपिसे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीचा सगळा काळ ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढलेला. बायको वारल्यावर जुनं क्वार्टर सोडून आमच्याकडे राहायला आले, एकटेच. उंच, काटकुळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात कधी स्वस्थ म्हणून नसत. बसस्टॉपवर उभे असले तरी मांडीजवळ बोटं चाललेली: अंगठा करंगळीला, मूठ, पंजा, पुन्हा मूठ. फडकेकाकूंचं मत पडलं की मंत्र म्हणतात. "अहो, मंत्र कसले डोंबलाचे?" मी म्हटलं. "त्यांच्या घरात बुद्धाची एक मूर्ती आहे आणि बाकी नुसत्या वायरी." माझं मत सरळ होतं. माणूस एकटा राहिला की सैल होतो, तसे हे झाले होते.

निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांमध्ये गुलाब लावतात. रणपिसेंनी नेटवर्किंगवरची पुस्तकं आणली. जाड, इंग्रजी. ती वाचली, आणि दुर्दैवाने त्यांना ती कळली. मग भेटेल त्याची शिकवणी. माझी त्यांनी भाजीच्या गाडीशी घेतली.

"सेक्रेटरीबाई, तुम्ही ईमेल पाठवलीत. ती थोडी उशिरा पोचली. काय बिघडलं?"

"काही नाही."

"एखादी फाइल उतरवलीत. जरा जास्त वेळ लागला. काय बिघडलं?"

"रणपिसे, मला मेथी बघू द्या."

"पण समोरचं चित्र थेट असलं तर? चित्राची होतात बारीक बारीक पाकिटं. एकामागून एक धावत येतात. त्यातलं एक वाटेत रेंगाळलं. ते पोचेपर्यंत इकडे पुढचं चित्र लागलं. आता त्या पाकिटाचं काय करायचं?"

"काय करायचं?"

"फेकून द्यायचं!" भाजीवाली दचकून दोन पावलं मागे सरली. "उशिरा आलेलं पाकीट म्हणजे न आलेलं पाकीट. त्याच्यासाठी थांबायचं नाही. थेट म्हणजे थेट!"

'थेट म्हणजे थेट' हे त्यांचं पालुपद. इंटरनेटच्या वायरीत त्यांनी काय हवं ते फेकावं, माझी हरकत नव्हती. पण हाच कायदा ते माणसांनाही लावत. चहाला पाचला बोलावलं आणि तुम्ही जरा रेंगाळत गेलात, तर दार उघडत, हसून बसवत, गप्पाही मारत. चहा मात्र नाही. कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या दिसत. "पाकीट बाद," ते प्रेमाने सांगत. माझे यजमान एकदा असे बाद होऊन आले आणि घरी येऊन माझ्याकडे चहा मागू लागले. मी दिला, पण कारण ऐकल्यावर.

फडक्यांच्या घरी क्रिकेटची मॅच बघायला अर्धी इमारत जमली होती. चौकार बसला, आम्ही टाळ्या पिटल्या. कोपऱ्यातून आवाज आला, "शिळा आहे."

"काय शिळं आहे?"

"चौकार. तो केव्हाच मारून झाला. उपग्रहावर जाऊन खाली यायला त्याला वेळ लागला. वर लिहिलंय थेट, पण हे थेट नाही."

त्यानंतर प्रत्येक चेंडूला आमच्या मनात आलं की आपण शिळं बघतोय. सामना भारताने जिंकला, तरी कोणाला फारसा आनंद झाला नाही.

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला तेव्हा त्यांनी बादल्यांचे वर्ग पाडले. पिण्याचं पाणी आधी, स्वयंपाकाचं मग, आंघोळीचं त्यामागे, आणि गाडी धुणाऱ्यांनी घरी जावं. व्यवस्था बिनचूक होती हे मी नाकारत नाही. फक्त वर्ग पाडून होईपर्यंत टँकरवाला कंटाळला आणि शेजारच्या इमारतीत गेला.

आणि त्यांच्या दाराची बेल. बटण दाबलं की आवाजच येत नसे. आपण दाबतोय, पुन्हा दाबतोय. आत एक मोठा दिवा लागायचा आणि विझायचा, बस.

"बिघडली आहे का हो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही. अशीच आहे."

"बेल ऐकू यायला नको?"

"दिसते ना? मग झालं तर."

एकदा त्यांची मुलगी आणि जावई इंदूरहून दोन दिवस आले होते. जिन्यात मला भेटले. दोघंही नीटनेटके, हसरे, पण तोंडातून अक्षर नाही. मुलगी उतरायला लागली तेव्हा तिची ओढणी पायऱ्यांवर लोळत होती. "अगं, ओढणी बघ!" मी मागून ओरडले. वळून पाहिलंसुद्धा नाही. मुलगी शिष्ट आहे असा निकाल मी तिथल्या तिथे दिला, आणि जिन्याने तो कायम केला.

आता मूळ तक्रार. रविवारी सकाळी सगळ्या घरांतून परदेशी बोलणी चालत आणि तारेत गर्दी होई. गर्दीत कोणाला आधी सोडायचं हे तो गॅलरीतला डबा ठरवतो, आणि डब्याला ते सांगतात रणपिसे. आवाजाची पाकिटं वेगळी, चित्राची वेगळी. शहाणा माणूस आवाज आधी सोडेल. चित्र जरा अडखळलं तरी बोलणं कळतं. रणपिसेंनी उलट केलं होतं. चित्र आधी, आवाज उरला तर.

परिणाम असा की पडद्यावर मुलं लख्ख दिसत, दाढीचे खुंट मोजून घ्यावेत इतकी लख्ख. आणि बोलत मात्र विहिरीत पडल्यासारखी.

दुसऱ्या मजल्यावर कौस्तुभ राहतो. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो रणपिसेंना समजवायला गेला, साक्षीला मला घेऊन.

"काका, तुमची प्रायॉरिटी उलटी सेट झालीये. व्हॉइस फर्स्ट असतं. ऑल ओव्हर द वर्ल्ड व्हॉइस फर्स्ट असतं."

"माहीत आहे."

"मग चेंज करू? पाच मिनिटांचं काम आहे."

"नको."

"पण रॉंग आहे ना ते!"

"चूक नाही. मुद्दाम केलंय."

"बट व्हाय, काका?"

"चित्र तुटता कामा नये," रणपिसे म्हणाले. पुढे काही नाही. भाजीच्या गाडीशी तासभर बोलू शकणारा माणूस या प्रश्नावर एका वाक्यात संपत असे.

मी व्यवहारी तोडगा काढला. "अहो, मग तुमच्या घरापुरतं चित्र आधी ठेवा. आम्हाला आवाज द्या."

ते ताठ झाले. "माझ्या घराला वेगळा नियम? एक्स्चेंजमध्ये असताना घरचा कॉलसुद्धा मी रांगेत लावला, बाई. रांग मोडून नाही. नियम सगळ्यांना एक."

"बरं, मग सगळ्यांनाच आवाज द्या."

"ते जमणार नाही."

कौस्तुभ जिना उतरताना म्हणाला, "काकू, ही इज टोटली गॉन." मी सहमत होते, फक्त मी ते मराठीत म्हटलं.

ठिणगी शेवटी माझ्याच घरात पडली. माझी मुलगी मुक्ता टेक्सासमध्ये नोकरीला. परत यावं की तिथेच राहावं, असं तिचं बरेच महिने चाललं होतं. एका रविवारी ती समोर बसली. केस वर बांधलेले, मागे ओट्यावर कुकर, कुकरवरची शिट्टीसुद्धा स्पष्ट. "आई, ऐक ना, मी शेवटी ठरवलंय," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं गेलं. ओठ हलले, दोन्ही हात पसरले, हसली. चित्र सिनेमासारखं.

"काय ठरवलंस?"

पुन्हा ओठ हलले. पुन्हा हसली.

"खूश दिसते आहे," यजमान म्हणाले.

"अहो, कशाने खूश आहे ते नको का कळायला?"

मग फोन लावला. कळलं ते असं की तिला तिथेच बढती मिळाली होती आणि ती राहणार होती. चांगलंच झालं. फक्त फोन लागेपर्यंतच्या वेळात ते हसू पाहून मी मनातल्या मनात तिच्या खोलीतलं माझं शिवणाचं मशीन बाहेर काढलं होतं आणि पडदे बदलले होते. ते सगळं परत जागेवर ठेवावं लागलं. याची मला चीड आली. ती रणपिसेंवर काढणं सोयीचं होतं, शिवाय न्यायाचंही.

विशेष सभा बोलावली. विषय एकच: इंटरनेटचा मुख्य डबा रणपिसे यांच्याकडून काढून कौस्तुभकडे बसवणे. सभेची सूचना सभासदाच्या हातात द्यावी लागते. पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला ती घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले.

बटण दाबलं. आत दिवा लागला, विझला. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

रणपिसे पाठमोरे, कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर त्यांची मुलगी, तीच ती शिष्ट. आणि खोलीत शांतता. पंख्याचा आवाज तेवढा. आधी मला वाटलं, यांचाही आवाज गेला वाटतं, बरी खोड मोडली. मग हात दिसले.

दोघांचे हात चालले होते. तिचे झरझर, गजरे विणणाऱ्या बाईच्या हातांसारखे, बघता बघता पुढे निघून जाणारे. त्यांचे सावकाश, अडखळत, नवशिका टायपिस्ट एकेक अक्षर शोधतो तसे. अंगठा करंगळीला, मूठ, पंजा. कुठेतरी त्यांचं चुकलं. ती खुर्चीत मागे रेलून हसली, मग पुढे वाकली आणि तीच खूण हळू करून दाखवली. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा चुकली. तिने पुन्हा दाखवली.

अशा वेळी माणसाने निघून जावं. मी गेले नाही, कारण मी सूचना द्यायला आले होते आणि ती अजून दिली नव्हती.

मुलीने मला पाहिलं आणि बोट दाखवलं. रणपिसे वळले. मला हातानेच 'थांबा' म्हणाले, मग त्यांच्याच लक्षात आलं. "तुम्हाला ऐकू येतं, नाही का," ते म्हणाले. "बसा."

मी बसले. "जन्मापासून?" मी विचारलं. दावे तपासणाऱ्या माणसाला आधी हेच सुचतं.

"जन्मापासून. सुजाता नाव. जावईही तसाच. दोघं छापखान्यात कामाला आहेत, छान चाललंय त्यांचं."

"मग सांगायचं नाही का आम्हाला? इतके दिवस भांडतोय."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? बिचारी. आणि आवाज खाली केला असता. जिला ऐकू येत नाही तिच्यासमोर लोक हळू बोलायला लागतात. का, ते मला अजून कळलेलं नाही."

मी व्यवहारावर आले. "एसएमएस आहे की. लिहून सगळं कळतं."

"लिहिते ना. रोज लिहिते. 'बरी आहे, काळजी नको.' रोज तेच." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "हात बघितले की कळतं, बरी आहे की नाही."

मीही पडद्याकडे पाहिलं.

"आणि मधलं एक बोट गळलं की शब्द बदलतो. मागे तिने सांगितलं, ताप उतरला. नेमकं तिथे चित्र तुटलं. मला दिसला फक्त ताप. मी तसाच गाडीत बसून इंदूर गाठलं. दार उघडून बघतो तर ही गच्चीवर पापड वाळत घालतेय." ते हसले. "तेव्हापासून चित्र आधी. तुमचा आवाज तुटतो, मला माहीत आहे. पण तुम्हाला उचलून फोन तरी करता येतो. मी जन्मभर लोकांचे फोन जोडले, बाई, आणि घरच्या एकुलत्या एक मुलीला फोन करता येत नाही."

"पण हे हातवारे आता शिकताय? तिच्या लहानपणी काय केलंत?"

प्रश्न वाजवी होता.

"तेव्हा शाळेतच सांगायचे, हातांनी बोलू देऊ नका, नाहीतर तोंडाने बोलायला शिकणार नाही. ती हात हलवायला लागली की मी धरून ठेवायचो." त्यांनी आपलंच एक मनगट दुसऱ्या हाताने धरून दाखवलं. "असे. तिची आई चोरून बोलायची तिच्याशी. आई होती तोवर निरोप मिळत होते. ती गेली आणि मध्ये कोणी राहिलं नाही. मग म्हटलं, शिकावं. हीच शिकवते, दर रविवारी." मनगट सोडून ते म्हणाले, "खरं तर हिने मला बादच करायला हवं होतं. इतक्या उशिरा पोचलेलं पाकीट."

पडद्यावरून सुजाता काहीतरी विचारत होती. त्यांनी वाचलं. "म्हणते, बाईंच्या हातात कागद कसला आहे?"

"सभेची सूचना," मी म्हटलं. "पण विषयात दुरुस्ती आहे. ती करून देते." आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. "रणपिसे, तुमचा नियम सगळ्यांना एक, बरोबर?"

"बरोबर."

"मग असा नियम करा. रविवारी अकरा ते बारा चित्र आधी, सगळ्यांना. त्या तासात कोणी काही उतरवायचं नाही, तेही सगळ्यांना. आणि बाकीचा आठवडा आवाज आधी. तुमच्या घरालासुद्धा."

इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे सुचू नये याचं मला खरोखर नवल वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं.

"सुचलं होतं," ते म्हणाले. "पण तोच तास का, हे सभेत सांगावं लागलं असतं."

"ते मी सांगेन."

"काय सांगाल?"

"काही नाही. मी सेक्रेटरी आहे."

सभा झाली. मी ठराव वाचला. फडकेकाकूंनी विचारलं, "तो एक तास कशासाठी गं?"

"तांत्रिक कारण आहे."

"काकू, टेक्निकली असं काही रीझनच नाहीये," कौस्तुभ म्हणाला.

"कौस्तुभ, तू रविवारी सकाळी सिनेमे उतरवतोस हे तुझ्या आईला माहीत आहे. कोणते उतरवतोस तेही सांगू का?"

कौस्तुभची आई त्याच्याकडे बघू लागली. ठराव एकमताने मंजूर झाला. रणपिसे मागच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. मांडीवर बोटं चालली होती. बहुतेक तिला सांगायची तयारी.

यावरून कोणी असं समजू नये की रणपिसे सुधारले. ते आहेत तस्सेच आहेत. अजून बारशांत पंजा घुसवतात, अजून चौकार शिळे ठरवतात. पावसाळ्यात त्यांनी जिन्यात छत्र्यांचे वर्ग पाडले, तेव्हा मी त्यांना चारचौघांत झापलं. वाढलेलं काम मात्र माझं आहे. रविवारी अकराच्या आधी मी जिन्यात उभी राहून "डाउनलोड बंद करा!" असं ओरडते, आणि ज्यांना ऐकू येऊनही ऐकू येत नाही त्यांच्या दारावर थापा मारते. इमारतीत आता माझ्याबद्दलही बोलतात म्हणे. बोलोत.

मध्यंतरी एका रविवारी त्यांनी मला चहाला बोलावलं, अकराला. कौस्तुभशी वाद घालण्यात मला उशीर झाला. वर गेले तेव्हा चहा मिळणार नाही हे धरूनच चालले होते. पाहिलं तर कपबशा सरळ होत्या.

"या," रणपिसे म्हणाले. "आधण ठेवतो. आणि हे बघा, हिने तुमचं नाव ठेवलंय. त्यांच्यात प्रत्येकाचं एक हाताचं नाव असतं."

पडद्यावर सुजाताने कपाळाला आठ्या घातल्या, ओठ आवळले आणि एका बोटाने नाकावरचा नसलेला चष्मा वर ढकलला.

"हे मी?"

"हे तुम्ही."

"मी असं मुळीच करत नाही," मी म्हटलं आणि चष्मा वर ढकलला.

रणपिसे हसत आत गेले. भांड्यांचा आवाज येऊ लागला. मी आणि सुजाता समोरासमोर राहिलो, बोलायला काहीच नाही. मी घर बघितलं, तिने मला बघितलं. तेवढ्यात चित्र गोठलं, तिचा हात अर्धा वर गेलेला तसाच राहिला. कौस्तुभ, दुसरं कोण असणार! मी खाली जायला उठणार, तोच चित्र हललं. सुजाताने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, हात कॅमेऱ्याजवळ आणला आणि बोटं धरली. मग भुवया उंचावल्या, थेट बापासारख्या.

"तीन," मी म्हणाले.

ती वाट बघत राहिली.

मग मी पर्स खाली ठेवली, हात वर केला, आणि तीन बोटं दाखवली.